लस थांबवण्याचे शास्त्र

जनावरांच्या विषाणूजन्य रोगांवरील संशोधन म्हणजे लस शोधणे, आणि त्या रोगांचे नियंत्रण म्हणजे शोधलेली लस जास्तीत जास्त जनावरांना टोचणे, ही समजूत शासकीय अहवालांपासून वर्तमानपत्रांपर्यंत इतकी रुजलेली आहे की तिच्याकडे समजूत म्हणून कोणी पाहतही नाही. साथ आली की किती लाख मात्रा आल्या, किती टक्के लसीकरण झाले, हे आकडे छापले जातात. विषाणू नेमका कोणत्या तालुक्यात, कोणत्या वयाच्या जनावरांत आणि कोणत्या वाटेने फिरतो आहे हे क्वचितच छापले जाते, कारण बहुधा ते कोणी शोधलेलेच नसते. मानवाने आजवर जनावरांचा एकच रोग पृथ्वीवरून समूळ नाहीसा केला आहे, तो म्हणजे बुळकांडी. आणि त्या रोगाचा इतिहास बारकाईने पाहिला तर या समजुतीला त्यात आधार सापडत नाही. लसीवाचून बुळकांडी गेली नसती हे खरे, पण उत्तम लस हाती आल्यानंतरही ती दशकानुदशके टिकून राहिली, आणि ती संपली तेव्हा लस टोचण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लस टोचणे थांबवण्याच्या निर्णयाने काम केले होते.

आज चाळिशीच्या आतील शेतकऱ्याने बुळकांडी बहुधा पाहिलेली नाही, म्हणून तिचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. रोगाच्या नावातच पातळ जुलाबाची खूण आहे. आधी सडकून ताप, मग डोळ्यांतून आणि नाकातून चिकट स्राव, हिरड्यांवर व जिभेखाली गव्हाच्या कोंड्यासारखा थर धरणारे व्रण, त्यानंतर घाण वासाची रक्तमिश्रित हगवण, आणि शरीरातले पाणी आटल्यामुळे आठवड्या-दीड आठवड्यात मरण, असा तिचा क्रम असे. ज्या कळपांनी हा विषाणू पूर्वी कधी पाहिलेला नव्हता त्यांत दहांपैकी नऊ जनावरे दगावू शकत. भारतीय वशिंडाच्या गुरांत मात्र शेकडो वर्षांच्या सहवासामुळे ती तुलनेने सौम्य असे, तर म्हशी, डोंगरी गुरे आणि विलायती रक्ताच्या गाई तिला सहज बळी पडत. हा विषाणू माणसातल्या गोवराच्या विषाणूचा अगदी जवळचा नातलग आहे, आणि गोवर हा मुळात गुरांच्या अशाच एखाद्या पूर्वज-विषाणूपासून माणसात आला असे जनुकीय अभ्यास सांगतात. म्हणजे गोठ्याने माणसाला केवळ दूध आणि बैल दिले नाहीत, बालपणीचा एक रोगही दिला.

या रोगाने घडवलेला इतिहास मोठा आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो आफ्रिकेच्या शिंगाच्या प्रदेशात शिरला, इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर तो आला असे मानले जाते, आणि दहा वर्षांत त्याने थेट दक्षिण टोकापर्यंत मजल मारून वाटेतल्या पशुपालक समाजांचा कणा मोडला. इथियोपियातील त्या काळच्या भीषण दुष्काळात नांगराचे बैल मेल्याचा वाटा मोठा होता. १९२० साली भारतातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे अँटवर्प बंदरात थांबली आणि बेल्जियममध्ये बुळकांडीचा उद्रेक झाला. त्या धक्क्यातून १९२४ मध्ये २८ राष्ट्रांनी एकत्र येऊन पॅरिसमध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेची स्थापना केली. जनावरांच्या आरोग्याची आंतरराष्ट्रीय व्यवस्था एका अर्थाने भारतीय गुरांच्या प्रवासातून जन्मली.

भारतात या रोगाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला, आणि पुढे १८८९ मध्ये पुण्यातील विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या संस्थेत, इम्पीरियल बॅक्टेरियॉलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. जनावरांच्या रोगांवरील भारतातील संघटित संशोधनाचा प्रारंभ पुण्यात झाला, ही गोष्ट पुण्याच्या अभिमानाच्या यादीत सहसा आढळत नाही. जिवंत, जहाल रोगद्रव्य हाताळायचे तर भोवती दाट गुरेवस्ती नसावी आणि हवा थंड असावी, या दोन कारणांनी १८९३ मध्ये ही प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात, सात हजार फुटांहून उंच असलेल्या मुक्तेश्वरला हलवण्यात आली. तीच पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. मुंबईच्या प्लेगच्या निमित्ताने १८९७ मध्ये भारतात आलेले रॉबर्ट कॉख मुक्तेश्वरलाही जाऊन आले. त्याआधी दक्षिण आफ्रिकेत किंबर्ली येथे त्यांनी बुळकांडीने मेलेल्या जनावराचे पित्त निरोगी जनावराला टोचून संरक्षण देण्याची पद्धत पुढे आणली होती.

त्या काळच्या उपायांकडे आज पाहिले तर अंगावर काटा येतो. जनावराच्या एका बाजूला रोगी जनावराचे जहाल रक्त आणि दुसऱ्या बाजूला रोगातून उठलेल्या जनावराचे रक्तजल, म्हणजे रक्तातील पेशी वगळून उरणारा, प्रतिद्रव्यांनी भरलेला द्रव, एकाच वेळी टोचायचे, आणि रक्तजल रोगाला आवरून धरील तोवर शरीराने स्वतःची प्रतिकारशक्ती कमवावी अशी आशा करायची, ही पद्धत कित्येक वर्षे चालली. त्यात रोग मागे लागण्याचा धोका होताच, शिवाय रक्तातून गोचीडजन्य परजीवीही नव्या जनावरात जात. मुक्तेश्वरचे संचालक जे. टी. एडवर्ड्स यांनी १९२० च्या दशकात हा विषाणू शेळ्यांमध्ये एकीतून दुसरीत असा शेकडो वेळा उतरवला. परक्या शरीरात वारंवार वाढवलेला विषाणू मूळ यजमानासाठी निवळत जातो, या तत्त्वावर त्यांनी शेळीऊतक लस सिद्ध केली. ती स्वस्त होती, एका टोचणीत जवळजवळ आयुष्यभर संरक्षण देत होती, आणि साध्या गावठी गुरांना ती सोसत होती. संकरित व डोंगरी जनावरांना मात्र ती कधी कधी आजारीच पाडे. ही उणीव पुढे केनियातील मुगुगा येथे वॉल्टर प्लॉराइट यांनी दूर केली. वासराच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर हा विषाणू सुमारे ९० वेळा उतरवून त्यांनी १९६० च्या सुमारास जी लस तयार केली, ती कोणत्याही जातीच्या, कोणत्याही वयाच्या गुराला निर्धोक होती. या कामासाठी त्यांना १९९९ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

म्हणजे १९६० च्या दशकारंभी संशोधनाने आपले काम पुरे केले होते, निदान ज्या अर्थाने संशोधन हा शब्द वापरला जातो त्या अर्थाने. विषाणूही नष्ट होण्यास अनुकूल होता: त्याचे एकच प्रतिरूप होते, म्हणजे एका लसीने त्याच्या सर्व वाणांपासून संरक्षण मिळे, रोगातून उठलेले जनावर पुढे विषाणूचे वाहक राहत नसे, आणि शरीराबाहेर तो फार काळ टिकत नसे. तरीही त्याला नाहीसे करण्यास पुढची चाळीस वर्षे लागली. लस होती, पैसा होता, माणसे होती आणि विषाणू दुबळा होता, तर मधली चाळीस वर्षे गेली कुठे, या प्रश्नाभोवती या विषयाचा खरा अर्थ आहे.

भारताने १९५४ मध्ये राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रम हाती घेतला. पाच वर्षांत देशातील ८० टक्के गुरे-म्हशींना टोचायचे आणि नंतर उरलेली जनावरे व दरवर्षी जन्मणारी वासरे हाती घ्यायची, अशी त्याची आखणी होती. आरंभीचे यश डोळे दिपवणारे होते. दहा वर्षांत उद्रेकांची संख्या हजारांवरून शेकड्यांवर उतरली. त्यानंतर मात्र ती तिथेच अडकली. दरवर्षी कोट्यवधी मात्रा टोचल्या जात होत्या आणि दरवर्षी रोग कुठे ना कुठे डोके वर काढत होता. आफ्रिकेतही हेच घडले: १९६२ ते १९७६ या काळात चाललेल्या बहुराष्ट्रीय संयुक्त मोहिमेने रोग जवळजवळ दिसेनासा केला, यश जाहीर झाले, लक्ष उडाले, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो पुन्हा खंडभर पसरला.

या अडकण्याचे एक कारण साध्या अंकगणितात दडलेले आहे, आणि ते एका कल्पित गावाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. गावात १०० गुरे आहेत असे धरावे. मोहीम पाच वर्षांची, म्हणून दरवर्षी १६ नव्या जनावरांना टोचणी मिळते. त्याच वेळी दरवर्षी सुमारे २० जनावरे मरतात, विकली जातात किंवा बाजाराची वाट धरतात, आणि त्यांच्या जागी तेवढीच वासरे व विकत आणलेली खोंडे येतात, ज्यांना संरक्षण नाही. पहिल्या वर्षअखेर गावात १६ सुरक्षित जनावरे असतील. दुसऱ्या वर्षी त्यांतला पाचवा हिस्सा जाऊन नव्या १६ ची भर पडेल, म्हणजे सुमारे २९. तिसऱ्या वर्षी ३९, चौथ्या वर्षी ४७ आणि पाचव्या वर्षी ५४. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदवहीत मात्र ८० टोचण्यांची बेरीज असेल आणि अहवालात ८० टक्के लसीकरण पूर्ण झाल्याचे लिहिले जाईल. प्रत्यक्ष मोहीम इतक्या समप्रमाणात चालत नाही, ती भागवार आणि हंगामवार चालते, परंतु मात्रा मोजणे आणि सुरक्षित जनावरे मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढे दाखवण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

५४ टक्के म्हणजे काहीच नाही असे नव्हे, पण ते पुरेसे आहे का हे ठरवण्यासाठी मूळ प्रसारांक ही संकल्पना लागते. एकाही जनावराला संरक्षण नसलेल्या कळपात एक आजारी जनावर सरासरी किती जनावरांना रोग देते, त्या संख्येला मूळ प्रसारांक म्हणतात. बुळकांडीच्या तीव्र वाणासाठी तो चारच्या थोडा वर असावा असा पूर्व आफ्रिकेतील अभ्यासकांचा हिशोब आहे. तो चार धरला तर कळपातील किमान ७५ टक्के जनावरे एकाच वेळी सुरक्षित असल्याशिवाय साखळी तुटत नाही. ५४ टक्के सुरक्षित असतील तर प्रत्येक आजारी जनावर अजूनही जवळजवळ दोघांना रोग देत राहील. साखळी तुटण्याच्या या अवस्थेला इंग्रजीतून आलेल्या परिभाषेत कळपाची प्रतिकारशक्ती म्हणतात. कोविडच्या काळात मराठी वृत्तपत्रांनी त्याचे भाषांतर सामूहिक प्रतिकारशक्ती असे केले आणि कळप हरवला. वास्तविक हा शब्दप्रयोग माणसांच्या वैद्यकातून नव्हे, तर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात गाईंच्या संसर्गजन्य गर्भपातावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांकडून आलेला आहे, तेव्हा गुरांच्या बाबतीत तरी कळपच योग्य.

अपुऱ्या लसीकरणाचा दुसरा परिणाम अधिक घातक होता, कारण तो दिसत नव्हता. निम्म्याहून अधिक जनावरे सुरक्षित असली की उद्रेक मोठे होत नाहीत. इथे एक वासरू हगवणीने जाते, तिथे एका रेड्याला ताप येऊन दोन दिवसांत उतरतो, आणि त्याकडे कोणी बुळकांडी म्हणून पाहत नाही. विषाणू राहतो, रोग लपतो. पूर्व आफ्रिकेत याचे टोकाचे उदाहरण घडले. विषाणूचा एक वाण १९६० च्या दशकानंतर नष्ट झाल्याचे मानले जात होते. १९९४ मध्ये केनियातील त्सावो राष्ट्रीय उद्यानात रानम्हशी आणि कुडू जातीची हरणे मरू लागली तेव्हा तोच वाण त्यांच्यात सापडला. तो गुरांत इतका सौम्य झाला होता की सोमाली पशुपालकांच्या कळपांतून तीन दशके फिरत असूनही कोणत्याही नोंदवहीत तो आला नव्हता. रानातली जनावरे या विषाणूची साठवण करतात असा जुना समज होता. प्रत्यक्षात गुरांमध्ये दडलेल्या विषाणूची बातमी त्यांनी आपल्या मरणाने बाहेर आणली.

लपण्याला प्रशासनाचाही हातभार होता. ज्या अधिकाऱ्याच्या कार्यक्षेत्रात ९० टक्के लसीकरण झाल्याचे कागदावर आहे, त्याने उद्रेकाची नोंद केली तर ती त्याच्याच कामाविरुद्धची साक्ष ठरते. ज्या शेतकऱ्याने रोग कळवला त्याच्या गावाचा बैलबाजार बंद होतो आणि शेजारी त्यालाच दोष देतात. उद्दिष्ट मात्रांचे असेल तर रोगाची बातमी सर्वांनाच नकोशी होते, आणि बातमी नसणे म्हणजे रोग नसणे असा अर्थ वरच्या कार्यालयात काढला जातो. ही प्रवृत्ती एखाद्या खात्याचा किंवा व्यक्तीचा दोष मानणे सोपे आहे. वस्तुतः ती प्रश्न चुकीचा विचारल्याचा परिणाम होती. किती टोचले या प्रश्नाचे उत्तर नेहमी समाधानकारक मिळते.

प्रश्न बदलला तो १९९२ मध्ये, युरोपीय समुदायाच्या साहाय्याने सुरू झालेल्या राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन प्रकल्पात. देशाचे विभाग पाडण्यात आले, रोगग्रस्त दक्षिणेत लसीकरण दाट करण्यात आले, आणि जिथे रोग बराच काळ दिसलेला नाही तिथे ते क्रमाने बंद करण्याचे ठरले. त्या जागी शोध आला: गावोगावी जाऊन पशुपालकांना विचारणे, गुरांच्या चालीच्या वाटांवर व बाजारांत जनावरे तपासणे, आणि रक्ताचे नमुने घेऊन त्यांतील प्रतिद्रव्ये मोजणे. या शेवटच्या कामातच लस थांबवण्याचे खरे शास्त्र आहे. बुळकांडीची लस जिवंत, निवळलेल्या विषाणूची होती, त्यामुळे लस घेतलेल्या आणि रोगातून उठलेल्या जनावराच्या रक्तात अगदी एकसारखीच प्रतिद्रव्ये आढळत. जोवर टोचणी चालू आहे तोवर रक्ततपासणी केवळ टोचणीचीच पावती देई, विषाणूविषयी काही सांगू शकत नसे. टोचणी थांबली आणि त्यानंतर जन्मलेली वासरे आईच्या चिकातून मिळालेली प्रतिद्रव्ये ओसरण्याच्या वयाची झाली, की त्यांचे रक्त कोरे असायला हवे. ते कोरे निघाले तर त्या भागात विषाणू नाही. त्यात प्रतिद्रव्ये निघाली तर विषाणू कुठेतरी फिरतो आहे, रोग दिसो वा न दिसो. ती कोरी वासरे साऱ्या देशाने आपणहून पत्करलेला धोका होती, कारण विषाणू खरोखर शिल्लक असता तर पहिला घाव त्यांच्यावरच पडला असता. पण त्यांच्याशिवाय पुरावा मिळण्याचा दुसरा मार्ग नव्हता.

याच काळात दुसऱ्या एका गोंधळाची उकल झाली, आणि ती प्रयोगशाळेतील संशोधनाशिवाय झाली नसती. दक्षिण भारतात शेळ्या-मेंढ्यांना बुळकांडीसारखा रोग होत असे आणि तो बुळकांडीच समजला जाई. त्यामुळे मेंढ्या हेच या विषाणूचे दडण्याचे ठिकाण असून गुरांना कितीही टोचले तरी तो तेथून परत येणार, असा निराशेचा युक्तिवाद प्रबळ होता. १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर गावी मेंढ्यांत आलेल्या साथीचा विषाणू बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एम. एस. शैला आणि सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा तो बुळकांडीचा नव्हे तर १९४२ मध्ये आयव्हरी कोस्टमध्ये प्रथम वर्णिलेल्या, शेळ्या-मेंढ्यांच्याच स्वतंत्र रोगाचा असल्याचे १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. पीपीआर या लघुनामाने ओळखल्या जाणाऱ्या या रोगाला मराठीत अजूनही शेळ्यांची बुळकांडी म्हणतात, आणि लोकभाषेने दोघांची जवळीक बरोबर ओळखली असली तरी निर्मूलनाच्या दृष्टीने भेद महत्त्वाचा होता: मेंढ्यांतला रोग वेगळा, म्हणजे गुरांच्या बुळकांडीला पाठीमागे गुप्त आसरा नव्हता. एका निदानाने एक अशक्य वाटणारे काम शक्य कोटीत आणले. नव्या लसीने हे झाले नाही, नीट विचारलेल्या प्रश्नाने झाले.

पशुपालकांच्या ज्ञानाचा वाटाही येथे सांगितला पाहिजे. आफ्रिकेत जेफ्री मरिनर यांनी गोठवून सुकवण्याची रीत सुधारून बर्फपेटीवाचून सुमारे महिनाभर टिकणारी लस तयार केली, त्यामुळे ती मोटार न जाणाऱ्या भागांत पाठीवरून नेता येऊ लागली. ती टोचण्याचे काम पदवीधर पशुवैद्यांऐवजी त्याच जमातीतील निवडक, थोड्या दिवसांचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसांकडे सोपवल्यावर इथियोपियातील अफार प्रदेशातून १९९० च्या दशकाच्या मध्यास रोग हटला, जिथे सरकारी पथके वर्षानुवर्षे अयशस्वी ठरली होती. या पशुपालकांकडे रोगाची नावे होती, सौम्य आणि तीव्र रूपांसाठी वेगळी वर्णने होती, आणि कोणत्या वर्षी कोणत्या पाणवठ्यावर जनावरे मेली याची पिढ्यान्‌पिढ्यांची स्मृती होती. त्या स्मृतीचा पद्धतशीर उपयोग करून विषाणूचे उरलेले अड्डे शोधण्याच्या रीतीला पुढे सहभागी साथरोगशास्त्र असे भारदस्त नाव मिळाले. म्हाताऱ्या माणसाजवळ बसून विचारणे, एवढाच त्याचा गाभा.

भारतातील शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये तमिळनाडूत झाला. २००४ मध्ये देश रोगमुक्त आणि २००६ मध्ये संसर्गमुक्त ठरला. या दोन शब्दांतील अंतर म्हणजेच कोऱ्या वासरांच्या रक्ताचा पुरावा जमवण्याची वर्षे. जगातील शेवटची नोंद २००१ मध्ये केनियातील मेरू उद्यानातल्या रानम्हशींत झाली, आणि २०११ मध्ये रोग नष्ट झाल्याची जागतिक घोषणा झाली.

यावर एक रास्त आक्षेप येतो. बुळकांडीचा विषाणू एकप्रतिरूपी, वाहकविरहित आणि अल्पायुषी होता, म्हणून हे जमले. इतर रोगांना हा धडा लागू करणे म्हणजे सोप्या गणिताच्या रीतीने अवघड गणित सोडवणे होय, असे म्हणता येईल. लाळ-खुरकूत या रोगाकडे पाहिले तर आक्षेपाचे वजन कळते. १८९८ मध्ये लोफलर आणि फ्रॉश यांनी हा रोग जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून आरपार जाणाऱ्या कारकाने होतो हे दाखवले, आणि प्राण्यांतील विषाणूंचा अभ्यास तेथून सुरू झाला; तरी सव्वाशे वर्षांनंतरही तो जगाच्या मोठ्या भागात कायम आहे. त्याची सात प्रतिरूपे असून एकाची लस दुसऱ्याला चालत नाही, भारतात त्यांतील ओ, ए आणि एशिया-१ ही तीन फिरतात, लसीचे संरक्षण काही महिन्यांतच ओसरते, आणि बरे झालेले जनावर घशात विषाणू बाळगून राहू शकते. अशा रोगात टोचणी थांबवा असे सांगणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

परंतु बुळकांडीचा धडा थांबण्याच्या तारखेचा नव्हता, विषाणू दिसता राहील अशी मोहीम रचण्याचा होता. लाळ-खुरकुतीच्या संशोधनाने हे तत्त्व वेगळ्या मार्गाने साधले आहे. मृत विषाणूची लस शुद्ध करताना विषाणू पेशीत वाढतानाच तयार होणारी काही प्रथिने काढून टाकली जातात; त्या प्रथिनांविरुद्धची प्रतिद्रव्ये ज्याच्या रक्तात सापडतील त्या जनावराला लस नव्हे, प्रत्यक्ष संसर्ग झालेला असतो. टोचणी चालू ठेवूनही विषाणूचा माग काढता येतो. २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांच्या तरतुदीने सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात दर सहा महिन्यांनी टोचणी आणि प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला यांबरोबर अशी रक्ततपासणीही आहे. सार्वजनिक चर्चेत मात्र बिल्ल्यांची आणि मात्रांचीच संख्या येते. संसर्गदर्शक प्रतिद्रव्यांचे जिल्हावार प्रमाण हे मोहिमेचे खरे प्रगतिपुस्तक, ते फारसे कोणी मागत नाही.

लम्पी चर्मरोगाच्या साथीत तर हे साधनही हाती नव्हते. १९२९ मध्ये झांबियात प्रथम नोंदला गेलेला हा देवीच्या कुळातील विषाणू २०१९ मध्ये ओडिशात आला आणि २०२२ मध्ये गुजरात-राजस्थानमार्गे त्याने देशभरात, अधिकृत आकडेवारीनुसार, दीड लाखांहून अधिक गुरे मारली. महाराष्ट्रात त्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरुवात झाली; बैलबाजार बंद झाले, शेळ्यांच्या देवीवरील लस राज्यातील सुमारे १.४ कोटी गोवंशाला वेगाने टोचली गेली, आणि मेलेल्या दुभत्या गाईमागे ३०,००० रुपये भरपाई जाहीर झाली. नातलग विषाणूची लस वापरण्याचा निर्णय त्या घडीला योग्यच होता, आणि भरपाईने रोग कळवण्यास शेतकऱ्याला कारण दिले, हे त्या मोहिमेचे दुर्लक्षित शहाणपण म्हणावे लागेल. पण माशा, डास आणि गोचिडांनी पसरणाऱ्या या रोगात पुढच्याच वर्षी वासरे पुन्हा गाठींनी भरली, तेव्हा त्या वासरांना टोचणीच मिळाली नव्हती, की चिकातल्या प्रतिद्रव्यांनी टोचणीला निष्प्रभ केले, की लसच अपुरी पडली, हे तीन प्रश्न वेगळे करून पाहण्यासाठी लागणारी वयवार रक्ततपासणी मोहिमेच्या आखणीत आधीपासून असायला हवी होती. शेळ्यांच्या देवीची लस आणि लम्पीचा संसर्ग यांची प्रतिद्रव्ये साध्या चाचणीने वेगळी ओळखता येत नाहीत. बुळकांडीच्या काळातला तोच आंधळेपणा येथे परत आला. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या सहकार्याने लम्पीच्याच विषाणूपासून लस तयार केली, तिच्या उत्पादनासाठी पुण्याच्या शासकीय संस्थेशी करारही झाला. तिच्यासोबत लसवंत आणि संसर्गित जनावर वेगळे ओळखणारी चाचणी प्रत्यक्ष वापरात येते की नाही, यावर तिची उपयुक्तता बरीचशी अवलंबून राहील.

खरी कसोटी पीपीआरची आहे, कारण तो प्रत्येक बाबतीत बुळकांडीचा सख्खा भाऊ आहे: एकच प्रतिरूप, दीर्घकाळ टिकणारी लस, वाहक जनावर नाही, जगातून २०३० पर्यंत त्याला हटवण्याचा संकल्प २०१५ मध्ये झाला. फरक आहे तो कळपाचा. शेळ्या-मेंढ्यांची पिढी गुरांपेक्षा कितीतरी वेगाने बदलते, त्यामुळे वर मांडलेल्या गावाच्या हिशोबातील २० या आकड्याच्या जागी ३० किंवा ४० ठेवावे लागतात आणि कागदावरील ८० टक्के प्रत्यक्षात आणखी खाली घसरतात. त्यात पश्चिम महाराष्ट्रातील धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे गट, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात, वाटेत शेतमालकांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवतात, आणि पावसाळ्यापूर्वी पुन्हा पठारावर परततात. लसीकरणाची यादी मात्र गाववार असते. पथक ज्या दिवशी गावात पोचते त्या दिवशी वाडा तीन मुक्काम पुढे गेलेला असतो, आणि त्याच्यासोबत गेल्या टोचणीनंतर जन्मलेली, ज्यांच्या रक्तातून सगळे कळू शकले असते अशी कोकरेही.